मामांच्या वाटणीचं वचन

१ जानेवारी

ठेवलीच मी ती चिठ्ठी परत! देवाच्या डब्यात हात घालून निवडानिवड केली — टोपलीतले टोमॅटो निवडावेत तशी.

नीट लिहिते, नाहीतर डोक्यात नुसता गुंता होईल. काल साळवे सरांकडे वर्षअखेरची उपासना होती. झाशीत आम्ही मराठी ख्रिस्ती घरं ती किती — थोडे फौजी, थोडे रेल्वेतले. सगळे मिळून सरांच्या पुढच्या खोलीत मावतो. नवं वर्ष लागलं की स्टीलचा डबा फिरतो. आत शास्त्रातली वचनं, एकेका चिठ्ठीवर एकेक, गुंडाळून ठेवलेली. ज्याला जे निघेल ते त्याचं वर्षाचं वचन. मामा, म्हणजे माझे सासरे, आले नाहीत. पायाच्या बोटांची जखम, वर हे धुकं, आणि दोन मजले उतरायचे. "माझ्या वतीनं तूच काढ, अनू. देवाला कळतं कुणासाठी काढतेस ते," म्हणाले.

माझं काढलं, मग त्यांचं. उघडून बघते तर पौलाच्या अंगातल्या काट्याचं! तो बिचारा विनवतोय, काटा काढ म्हणून. देव काढत नाही. कृपा पुरेल तुला, म्हणतो.

आता हे नेऊन देऊ? त्या माणसाला, जो रोज सकाळी पाय पुढे करून विचारतो, "जरा बरं दिसतंय ना गं?" सगळे डोळे मिटून गात होते. ठेवली परत. दुसरी काढली, ती पापक्षमेची. तीही ठेवली. मग हवं ते मिळालं — तुझ्या जखमा मी बऱ्या करीन.

सकाळी दिली. रडले. चिठ्ठी कपाळाला लावली, मग आमच्या लेकीकडून, देविकाकडून, खाटेशेजारी भिंतीवर चिकटवून घेतली. चहा दोनदा मागितला.

एवढ्यानं काय बिघडतंय? म्हातारा माणूस खूश झाला.

३ जानेवारी

ऋषीचा फोन लागला एकदाचा. नवरा वर सीमेवर, बर्फात, आणि आम्ही इथं छावणीतल्या क्वार्टरमध्ये. नेटवर्क आलं तर आलं. मिलिटरी हॉस्पिटलचे डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं — दोन बोटं काढावी लागतील, उशीर केला तर पाऊल, त्याहून उशीर केला तर जिवावर बेतेल. तर हा म्हणतो, "बघ ना तू. घे सांभाळून."

घे सांभाळून! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, मी क्रेन आहे का? पाय कापला की यांना उचलायचं कुणी? संडासला कोण नेणार, जिना कोण चढवणार-उतरवणार? पाणी मी, बाजार मी, देविकाचा अभ्यास मी, आता हेही मीच? मला नाही होत. नाही म्हणजे नाही! बरंच बोलले. आतवर आवाज जाऊ नये म्हणून बाल्कनीत उभी राहिले होते. बाहेर गेले तेव्हा मामांचा रेडिओ मोठ्यानं चालू होता, तेवढं बरं.

नंतर वाईट वाटलं. पण त्यात खोटं काय होतं? देविकाच्या शाळेला थंडीची सुट्टी, ती घरात. मामा घरात. मी घरात. खिडकीबाहेर समोरच्या क्वार्टरचे वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसत नाहीत. आमच्या गावी, नगरला, निदान शेजारी भांडायला तरी कुणी असायचं!

४ जानेवारी, रविवार

संगती, म्हणजे साळवे सर चालवतात ती रविवारची प्रार्थनासभा, आज आमच्याकडे भरली, मामांसाठी. देवानं आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायची वेळ आली आणि मामा उशीला टेकून ताठ बसले. म्हणाले, "प्रभूनं मला वर्षाचं वचन दिलंय. जखम तो बरी करणार. आजपासून इन्सुलिनची सुई बंद. दवाखाना बंद."

आमेन! — सगळे एका आवाजात. साळवे सरांच्या डोळ्यांत पाणी. त्यांची बायको रुपाली मला म्हणते, "असा विश्वास हवा बाई. भाग्यवान आहेस."

आणि मी? हातात चहाचा ट्रे, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मीही म्हणाले. आमेन.

६ जानेवारी

सुई घेऊन गेले तर हात मागे घेतला. "अविश्वास नको दाखवूस, पोरी."

अविश्वास! भिंतीवरची ती चिठ्ठी टरकावून टाकावी असं वाटलं. सुई परत फ्रिजमध्ये ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या.

८ जानेवारी

रोजच्या वाचनात आज याकोब आला. आलाच! आंधळ्या बापापुढे बकऱ्याचं कातडं हाताला गुंडाळून बसलाय आणि थोरल्या भावाचा आशीर्वाद उपटतोय. देविका वाचत होती, अडखळत, जोडाक्षर आलं की हिंदीत घसरत. मामा तिला सुधारत होते. मी पोळ्या लाटत ऐकत होते.

त्यानं बापाला फसवून आशीर्वाद घेतला. मी सासऱ्यांना फसवून दिला. त्याचा आशीर्वाद देवानं चालवून घेतला, म्हणून माझाही चालवून घेईल का? असं विचारायलासुद्धा तोंड नाही मला. प्रार्थनेला बसते आणि डोळे मिटले की तो डबा दिसतो. मग 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही रोजची प्रार्थना भराभरा म्हणून उठते, गृहपाठ उरकावा तशी.

१० जानेवारी

वास यायला लागलाय.

११ जानेवारी, रविवार

संगती संपल्यावर साळवे सरांना जिन्यात गाठलं. सरळ बोलायचा धीर नाही झाला. म्हटलं, "सर, समजा एखाद्याला भलतंच वचन निघालं तर?"

"भलतं कसं निघेल, ताई? देणारा तो."

मग स्वतःच थांबले. मफलर सारखा करत म्हणाले, "खरं सांगू? मी मामांना एकट्यात म्हटलं, डॉक्टरही त्याचेच आहेत, गाडी आणतो, चला. तर भिंतीकडे बोट दाखवतात. वचनापुढे मी काय बोलणार?"

म्हणजे सगळं त्या चिठ्ठीवर लटकलंय. माझ्या चिठ्ठीवर! सर गेले. मी तिथंच, दोन मजल्यांच्या मध्ये. वर जाववेना, खाली जाऊन तरी कुठं जाणार!

१३ जानेवारी

समोरच्या मधुभाभी — इथल्याच, मोठ नावाच्या गावच्या, जिभेला हाड नाही — वाटीभर तिळाचे लाडू घेऊन आल्या. मामांचा पाय बघितला आणि तोंडाला पदर लावला. जाताना दारात म्हणतात, "काए अनुराधा, पिताजी से कहो, हमारे ससुर भी यही कहते थे कि भगवान ठीक करेंगे. अब दीवार पे टँगे हैं, माला पहन के." मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. आणि हसता हसता भीतीच वाटली.

दुपारभर एकच डोक्यात. सैतानानं प्रभूला मंदिराच्या टोकावर नेलं आणि म्हणाला, मार उडी, दूत तुला झेलतील असं लिहिलंच आहे की! म्हणजे वचन त्यालाही पाठ होतं. वचन खरंच होतं. आणि तरी प्रभूनं उडी मारली नाही. लहानपणापासून ऐकतेय ही गोष्ट, पण टोकावर नेणाऱ्याच्या जागी आपण असू असं कधी मनात आलं नव्हतं.

१५ जानेवारी

ताप. तिसरं बोटही काळं पडायला लागलंय. ऋषीला निरोप ठेवलाय, उत्तर नाही.

सांगितलं तर त्यांचा विश्वास मोडतो. या वयात, या दुखण्यात त्या माणसाजवळ दुसरं आहे काय? नाही सांगितलं तर माणूसच जातो. दोन्हीकडून मीच मारणार. प्रभू, तूच सांग ना रे त्यांना! मला नको त्यात घालू.

गप्प आहे. त्यानं बोलायचं ते पहिल्या चिठ्ठीतच बोलला होता, मीच ती परत ठेवली.

१८ जानेवारी, रविवार

आज ऊन पडलं. मामांची खाट बाल्कनीच्या दाराशी ओढली, कोमट पाण्याचं घमेलं घेतलं आणि पाय धुवायला बसले. सांगून टाकलं. खाली मान घालून सगळं — पहिली चिठ्ठी, दुसरी, तिसरी. सगळे गात होते तेही.

मामा ओरडले नाहीत. मान वळवून भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बघितलं. मग म्हणाले, "पहिलं कोणतं होतं?"

"काट्याचं. कृपेचं."

"हं," म्हणाले. आणि मिशीत हसले! "मला माहीत होतं काहीतरी केलंयस ते. चिठ्ठी देताना माझ्याकडे बघितलं नाहीस. हौसा साखर लपवायची ना माझ्यापासून, तेव्हा अशीच भिंतीकडे बघून बोलायची."

हौसाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. जाऊन बरीच वर्षं झाली.

मी वेडी व्हायचीच बाकी राहिले. "माहीत होतं? मग सगळ्यांसमोर साक्ष का दिलीत? सुई का बंद केलीत?"

"राहू दे गं ती चिठ्ठी भिंतीवर. कामाची आहे. वचनाशी कुणी वाद घालत नाही."

"म्हणजे काय, मामा?"

"पाणी गार झालं बघ," म्हणाले, आणि उन्हाकडे तोंड फिरवलं. ताप चढलेलाच. मला राग आला. एवढं ओझं पोटातून काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि ते ढिम्म! खोटं आहे हे माहीत असून माणूस त्याच्या नावावर मरायला का बसेल? काही कळत नाही.

१९ जानेवारी

शाळा उघडली. स्कूटीवर मागून देविका म्हणते, "मम्मी, पापा पे फिर मत चिल्लाना. आबा को अच्छा नहीं लगता."

"आबांना काय माहीत?" मामांना ती आबा म्हणते.

"उस दिन आप बालकनी में थीं ना, उन्होंने रेडिओ बंद कर दिया था. पूरा सुना. बोले, मम्मी को मत बताना, वो थक गई है."

सदर बाजाराच्या वळणावर गाडी थांबवली.

चिठ्ठीवर त्यांनी विश्वास ठेवलाच नव्हता. ठेवला तो बाल्कनीतल्या माझ्या शब्दावर — मला नाही होत.

देविकाला सोडलं, तशीच परत आले. ऑटो खाली उभा केला. "मामा, चला. दवाखान्यात."

"अगं, जिना—"

"मी उचलते."

माझ्याकडे बघत राहिले. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकले.

ऑपरेशन चालू आहे. बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. दोन मजले उतरवले त्यांना मी, एकटीनं. इतके हलके आहेत ते! बाई गं, काहीच वजन नाही.