एक तार सुटी ठेवावी

मी, जनी दयाराम घरत, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा शाळांसाठी वीजशिक्षणाच्या पेट्या बनवणे, राहणार मु. खारबांधण, पो. रेवस, ता. अलिबाग, जि. रायगड, आज पूर्ण शुद्धीत, कोणी हात धरलेला नसताना, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी लग्न केले नाही तेव्हापासून गावाला याबद्दल शंका आहे, म्हणून दाखला दोन प्रतींत घेतला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात याचा अंमल बोर्ली पंचतनच्या शिक्षिका श्रीमती नेत्रा धर्माजी पाटील यांनी करावा. त्या कोणाला भीत नाहीत.

१. राहते घर माझ्या कमाईचे, माझ्या नावावरचे आहे. ते माझा भाऊ कै. चंदर याचा मुलगा मितेश याला मिळावे. पडवी मात्र यातून वगळली आहे. तिथे पेट्या बनतात आणि ती पुढे कलम चारप्रमाणे वापरावी. मितेशने तिथे गाडी लावू नये.

२. माझी सगळी हत्यारे, म्हणजे सोल्डरिंगची दोन, मीटर, चिमटे, पेचकस आणि भिंग, तेजस्वी भिकू ठाकूर हिला द्यावीत. ती एकोणीस वर्षे माझ्याबरोबर तारांच्या सांध्यांना सोल्डरचे डाग देते आहे. आमच्या खाऱ्या हवेत उघडा डाग दोन महिन्यांत हिरवा पडतो, म्हणून प्रत्येक डागावर नेलपॉलिश लावायची युक्ती तिची. पहिल्या वर्षी तिने इतक्या बाटल्या आणल्या की सासूला वाटले, सून नटायला कामावर जाते. कपाटातल्या उरलेल्या बाटल्याही तिच्याच.

३. बाजारातले रेडिओ दुरुस्तीवाले कै. गणराज यांच्या दुकानात मी अकरा वर्षे काम केले. गिऱ्हाइकाला बाईमाणूस रेडिओ उघडताना दिसू नये म्हणून त्यांनी मला पडद्यामागे बसवले होते. बिघाड मी काढायची आणि शाबासकी ते घ्यायचे. दुकान सोडताना मी तो पडदा उतरवून आणला. निळा आहे, धुतलेला आहे. तो त्यांच्या मुलाकडे पोचता करावा आणि पोच घ्यावी.

४. आता मुख्य गोष्ट.

माझे वडील मिठागरात होते. नवा माणूस कामावर आला की बाबा बांधाला टाचेने एक भोक पाडत आणि त्याला सांगत, पाणी कुठून जातंय ते शोध. ज्याला सापडले त्याच्या ताब्यात बांध देत. आम्हा भावंडांनाही शिक्षण हेच. मी नऊ वर्षांची असताना घरातला रेडिओ मुका झाला, तेव्हा मी तो पाटावर घेऊन उघडला. काका ओरडले, “पोरीच्या हातात पेचकस कशाला?” बाबा जेवता जेवता म्हणाले, “खोललाय तिनं, त जोरंल पन तीच.” आतली तार हिरवी पडून तुटली होती. ती शोधायला आणि जोडायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी बातम्या लागल्या, आणि मला पुढे दुसरे काही करावेसे वाटले नाही.

आमच्या पेटीत दिवा, घंटी, छोटा रेडिओ असतो आणि मोबाइलवर धडे असतात. धडे मितेशने बनवले आणि उत्तम बनवले, हे मी लिहून देते. पण आमची प्रत्येक पेटी बिघडलेलीच बाहेर पडते. एक तार मुद्दाम सुटी ठेवलेली असते, आणि ती पेटीगणिक वेगळी. मुलांनी झाकण उघडायचे, शोधायचे, जोडायचे आणि आम्हाला पत्र टाकायचे. पहिले पत्र बोर्ली पंचतनहून आले, एका मुलीचे. तिने लिहिले होते, “बाई, तुमची पेटी नादुरुस्त होती. मी केली.” त्या पत्राने मला माझ्या सगळ्या आयुष्याचे समाधान दिले.

मागच्या वर्षी मुंबईची एक कंपनी आमचा धंदा विकत घ्यायला आली. साहेब भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आले, पडवीत बसले, चहा प्यायले. त्यांची अट अशी की पेटी पहिल्या बटणाला चालली पाहिजे आणि झाकण चिकटवून बंद केलेले पाहिजे, म्हणजे तक्रार येत नाही. मी नाही म्हटले. मितेशने मला न सांगता दोनशे पेट्यांच्या तारा जोडून पाठवून दिल्या, बघू तरी काय होते म्हणून. महिनाभराने खुशीत सांगायला आला.

“आत्या, एक पण कम्प्लेंट नाय आली.”

“आनि पत्रं?”

“पत्रं पण नाय आली.”

मुलांनी बटण दाबले, दिवा लागला, पेटी कपाटात गेली. दोनशे पेट्या, आणि आत डोकावलेले मूल एक नाही. मी तेजस्वीला घेऊन एसटीने एकेक शाळा गाठली आणि प्रत्येक पेटीतली एक तार स्वतःच्या हाताने सोडवली. अकरा दिवस लागले. एक हेडमास्तर म्हणाले, पोलिसांना बोलावतो. मी म्हटले, “बोलवा. त्यांना पन शिकवीन.” पुढच्या महिन्यात टपालाची पिशवी पुन्हा भरून आली.

म्हणून लिहून ठेवते की धंदा आणि पडवी तेजस्वी आणि मितेश यांची निम्मी निम्मी. दोघांच्या सहीशिवाय काहीही विकता येणार नाही. झाकणाला स्क्रूच राहतील, तेही पितळी. तार सुटीच राहील. ज्याला हे वेडेपण वाटते त्याने दुसरीकडे नोकरी धरावी.

५. पेटीचा पूर्ण नकाशा, कुठे काय जोडायचे त्यासकट, मी काल आमच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी मोकळा केला. कोणीही बनवावी. कंपनीच्या साहेबांना मी हे स्वतः फोन करून कळवले.

६. देहाबद्दल. तीन वर्षांपूर्वी माझ्या छातीत पेसमेकर बसवला. अग्नी देण्याआधी तो काढावा लागतो, नाही तर चितेत फुटतो. काढला की तो धुऊन मितेशला द्यावा. त्याला स्क्रू नाहीत, बनवणाऱ्यांनी तो कायमचा बंद केला आहे. मितेशने तो तेजस्वीच्या देखत, सेलला धक्का न लावता, बारीक करवतीने उघडावा आणि बिघाड शोधावा. हवे तेवढे दिवस घ्यावेत. काय सापडले ते हाताने पत्र लिहून नेत्राबाईंना कळवावे. ते पत्र मिळेपर्यंत बाईंनी त्याच्या निम्म्या हिश्श्याचे कागद स्वतःकडे ठेवावेत.

यापुढचा मजकूर बाईंनी मितेशला पत्र आल्यावरच वाचून दाखवावा.

बाळा, त्यात बिघाड नव्हता. मी डॉक्टरांना विचारून घेतले होते. माणूस गेला तरी ते यंत्र ठोके देत राहते. तुझा बाप गेल्यावर तुला मी वाढवले, आणि त्या दोनशे पेट्यांनंतर वर्षभर तुझ्याशी धड बोलले नाही. तू माझ्या छातीतली वस्तू उघडून बघितलीस, माझा राग त्या दिवशी संपला असे समज.

बाई, तो रडेल. रडू द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत कामाला बसवावे.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या समोर सही केली आहे. साक्षीदारांना यातून काही मिळत नाही. चहा मिळाला.

सही: जनी दयाराम घरत

साक्षीदार:
१) कुलदीप सदा नाईक, लाँचचे तिकीट मास्तर, रेवस (सही)
२) क्रांती बाबाजी म्हात्रे, टपाल वाटप, रेवस (सही)

ठिकाण: खारबांधण, पडवीत
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५