शेंदराच्या आतली

देवगाव फाट्याजवळची वाडी,
ता. ९ डिसेंबर २०२४

चि. शिवकन्या,

बापाचा आशीर्वाद घे. आमी दोघं बरे आहोत. गाव कापूस वेचायलंय, म्हणून दिवसा देवळात चिटपाखरू नसतं. तुझ्या आईचा गुडघा थंडीनं धरलाय, पण तोंड चालू हाय, तवा काळजी न्हाई. चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली न्हाई. आता हात अवघडलाय. मागचं काढायचं न्हाई असं ठरवून बसलोय.

आईच्या नावानं पुण्याहून धाडलेलं तुझं पुस्तक पोचलं. आत चिठ्ठी नव्हती, समजायचं ते समजलं. आई म्हणली, "वाचा की, लेकीनं लिवलंय." वीस पानं वाचली अन् फडताळात टाकलं. उत्तरेच्या बर्फातले कुठले तरी मनानं रचलेले लोक, अन् अस्वलाला देव मानायलेत! म्हणलं, गुरवाच्या पोटी जन्मून पोरीनं हे कसले देव उभे केले? रागच आला, खोटं कशाला बोलू.

मग मागच्या महिन्यात एका दुपारी मारुतीला तेल-शेंदूर लावायलो व्हतो. खांद्यापाशी हात लागला अन् आख्खी खोळ हलली. पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर, वीतभर जाड. धपकन खाली आला. मी समई उचलून वर बघितलं.

शिवकन्या, तिथं मारुती नव्हता गं. शेपूट न्हाई, गदा न्हाई. काळ्याभोर दगडात एक बाई बसलेली. मांडीवर लेकरू, एक हात त्याच्या पाठीवर. नखंसुद्धा कोरलेली. तोंड असं शांत की समई खाली ठेवली अन् तिच्यापुढंच बसलो. चाळीस वर्षं रोज हिला आंघोळ घातली अन् हिचं तोंड मला म्हाईत न्हाई! किती वेळ बसलो कुणास ठाऊक. डोळ्याला धार लागली व्हती. लहानपणी जत्रेत हरवलो अन् आई सापडली, तवा असंच झालं व्हतं.

आता पुढं मी काय केलं ते ऐक. दार लावलं, शेंदूर तेलात कालवला अन् तिला परत झाकलं. वरून चांदीचे डोळे चिकटवले. शनिवारी माणिकराव पाटलांनी रुईची माळ घातली, "बजरंगबली की जय" म्हणले. मी बी म्हणलो.

जिवाला चैन पडंना, म्हणून तुझं पुस्तक काढलं. सगळं वाचलं. तुझ्या त्या लोकांची अस्वलीण-आई, तिच्या दगडाला ते दर हिवाळ्यात चरबी फासायचे. मग दक्षिणेहून तलवारवाल्या देवाचे पुजारी आले. मारामारी न्हाई, जाळपोळ न्हाई. नाव बदललं, चरबीवर मिशा कोरल्या, अन् चार पिढ्यांत लोक अस्वलीण विसरले. फक्त म्हाताऱ्या बाया त्या तलवारवाल्यापुढं मधाचा द्रोण ठेवत राहिल्या. का, ते त्यांना बी सांगता येईना.

तिथं मी वाचायचा थांबलो. आपल्या वाडीत बाळंतीण सव्वा महिन्यानं लेकरू घेऊन येती अन् मारुतीच्या पायरीवर खण-नारळ ठेवती. ब्रह्मचारी देवाला खण! तू दहा वर्षांची असताना विचारलं व्हतंस, "अण्णा, मारुतीला चोळी कशाला?" मी म्हणलो, "रीत हाय, गप बस." तू गप बसलीस, पण विसरली न्हाईस. एवढुशा गोष्टीतून तू आख्खा मुलूख उभा केलास, पोरी!

आईला सगळं सांगितलं. भाकर थापता थापता ती म्हणली, "आत कोण हाय ते मला काय म्हाईत? पण सासूबाई म्हणायच्या, तिथं लेकराचं गाऱ्हाणं ऐकलं जातं. आत जायचं न्हाई, पायरीवर ठेवायचं. आमी ठेवत आलो." असं म्हणून तिनं भाकर उलटली.

आता मागचं काढतोच. माझं हाड मोडलं व्हतं, मी परभणीला दवाखान्यात. देव पारोसा राहू नये म्हणून तू चार दिवस पूजा केलीस. घरी आल्यावर मी पाच माणसांपुढं तुला गाभाऱ्यातून बाहेर काढलं. बाईचा हात लागला म्हणून गोमूत्र शिंपडलं. तुझ्या डोळ्यांदेखत शिंपडलं. दुसऱ्या दिवशी तू फाट्यावरून एस.टी. धरलीस. पुस्तकातली पुजाऱ्याची पोर बर्फावरून चालत निघून जाती. ते पान वाचताना माझी मान वर होईना. चुकलो मी, लेकी. लय चुकलो.

येत्या शनिवारी गाव बोलावलंय. सगळ्यांसमोर खोळ काढणार. पाटलांच्या कानावर घातलं. ते म्हणले, "नागनाथ, गावाचा मारुती गेला तर तुझी पूजा बी जाईल." सात पिढ्यांची सेवा हाय. जाईल तर जाऊ दे. पण हे पोटात ठेवून तिच्यापुढं उभं राहवत न्हाई.

खोळ मी काढीन. तिचं तोंड धुवायला मात्र माझा हात धजत न्हाई. ती पहिली आंघोळ तू घालावीस. कुणी काही बोललं तर दारात मी उभा हाय. न आलीस तर रागावणार न्हाई, रागवायचं तोंडच मला उरलं न्हाई. तू येईस्तोवर मी तिला पाणी लावणार न्हाई, एवढं मात्र खरं.

तुला बाहेर काढलं ते देवानं न्हाई,
तुझ्या बापानं.

नागनाथ