मामा या शब्दाचा खुलासा

छत्रपती संभाजीनगर,
५ सप्टेंबर २०२५

चि. आवडास,
व्यंकटदादाचे अनेक आशीर्वाद.

तुला ऐकू येईनासं झाल्यापासून फोनची सोय गेली, आणि मोनिकाकरवी निरोप धाडावा तर गोष्ट तिच्याचबद्दलची. म्हणून हे पत्र. बसून वाच, चुलीपाशी उभ्याने वाचू नकोस.

मोनिकाला विद्यापीठाची संशोधन शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तू खानावळीत आल्यागेल्याला पेढे वाटलेस. ती शिष्यवृत्ती आता अडकली आहे. यादीत तिच्यामागे राहिलेल्या एका मुलाने तक्रार केली, की निवड समितीचा अध्यक्ष म्हणजे मी, महाविद्यालयाचा अधिष्ठाता, तिचा मामा आहे. नातेवाईक उमेदवार असेल तर समितीवरच्या माणसाने उठून बाहेर जायचं असतं. मी तर ‘उमेदवारांपैकी कोणीही माझे नातेवाईक नाही’ असं लिहून सही केलेली. त्यात खोटं काही नव्हतं. नियमात रक्ताचं नातं येतं, लग्नाचं येतं, भाऊबीजेचं येत नाही.

तरी निभावलं असतं. पण चौकशीच्या बाईंनी मोनिकाला विचारलं, की डीनसाहेब तुझे कोण, आणि तुझी लेक चटकन मामा म्हणून मोकळी झाली. आपल्याकडे एसटीचा कंडक्टरसुद्धा मामाच असतो, हे त्या बाहेरगावच्या बाईंना कोण सांगणार? त्यांनी तसंच टिपून घेतलं. आता मला कागद आला आहे, की ‘मामा’ या शब्दाचा खुलासा करावा. सगळी हयात शिकवण्यात गेली आणि या एका शब्दापाशी अडून बसलो आहे.

घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण मीच घाबरलो आहे. तुझी वहिनी कालिंदी तुझी आठवण काढते.

माया आहे तशी राहू दे.
तुझा दादा

*

फर्दापूर,
११ सप्टेंबर

ती. दादास,
आवडाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र उभ्यानंच वाचलं. चुलीवरचं पिठलं खाली लागलं. लेणी बघायला आलेली जळगावची माणसं नाक मुरडत जेवली.

मला कळेना, मोनिकानं वावगं काय सांगितलं? मामाला मामा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तुला लोक डीन म्हणायचे आणि मला या कानानं दीन ऐकू यायचं, तेव्हा मी किती हसायचे. तुझं पत्र वाचून आता हसू येत नाही.

तुझे वडील इथं शाळेवर मास्तर होते तेव्हाचं तुला आठवत असेल का? मला भाऊ नाही, म्हणून आई मला भाऊबीजेला अंगणात उभी करून चंद्राला ओवाळायला लावायची. बिनभावाच्या पोरींनी तसं करायचं असतं. एका वर्षी आभाळ आलं, चंद्र दिसेना, मी भोकाड पसरलं. तेव्हा तुझी आई तुला कान धरून घेऊन आली, पाटावर बसवलं आणि म्हणाली, चंद्र राहू दे, याला ओवाळ. तुझ्या डोक्यावर वडलांची टोपी होती, ती सारखी डोळ्यांवर येत होती. त्यानंतर मी भाऊबीजेला चंद्राकडं कधी बघितलं नाही.

आता घरातलं ऐक. मोनिकाचे वडील गेल्यापासून इथं माऊलीभाऊजींचा शब्द चालतो. ते म्हणतात, शिष्यवृत्ती गेली तर पुतणीनं शहरात राहून करायचं काय? सिल्लोडचं स्थळ आहे, दिवाळी झाली की उरकून टाकू. पोरगी डोंगरातल्या गवतांचा अभ्यास करते म्हणून ते आधीच तिला हसतात, म्हणतात गवत तर आपली म्हैस पण ओळखते. मोनिका तुमच्या शहरातल्या मुकुंदवाडीच्या खोलीतून परत आली तर पुन्हा तिथं जाणार नाही, हे मला दिसतंय. दादा, काहीतरी कर. तुझ्याशिवाय मी कोणाला सांगू?

वहिनींना नमस्कार. बहिणीला विसरू नये.
आवडा

*

छत्रपती संभाजीनगर,
१९ सप्टेंबर

चि. आवडास,
अनेक आशीर्वाद.

खुलासा कितीदा लिहिला आणि फाडला. शेवटी सरळ लिहिलं, की नातं शेजाराचं आहे, रक्ताचं नाही. समितीला ते पुरलं नाही. डीन स्वतःला वाचवायला काहीही लिहील, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. आता त्यांना उमेदवाराच्या आईच्या तोंडून ऐकायचं आहे. महिनाअखेरीस सुनावणी आहे. तुला यावं लागेल आणि हा माझा भाऊ नाही एवढं सांगावं लागेल.

आवडा, हे लिहिताना मला लाज वाटते आहे. पण तू नाही आलीस तर मोनिकाचं बोलणंच खरं धरतील, शिष्यवृत्ती त्या मुलाला जाईल आणि माझी नोकरी चौकशीच्या शेऱ्याने संपेल. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं आहे, ते मान खाली घालून होईन. कायद्याच्या भाषेत तू खरंच बोलशील. तो नुसता कागदावरचा शब्द आहे, आपल्या घरातला नव्हे. मी हात जोडतो.

सोबत मोनिकाची चिठ्ठी आहे. लोभात अंतर पडू देऊ नकोस.
तुझा दादा

*

ती. आईस,
मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

आई, चूक माझी आहे. त्यांनी विचारलं आणि तोंडातून मामा गेलं. विचार करायला वेळच लागला नाही. आता कॉलेजात मी त्यांना सर म्हणते. परवा जिन्यात भेटले तर दोघंही भिंतीकडे बघत बाजूला झालो. मैत्रिणी जवळ बसत नाहीत, म्हणतात तुझं काय बाई, तुझं घरचं आहे. आई, माझे गुण सगळ्यांत जास्त होते. ते कोणी बघतच नाही. मला सिल्लोडला जायचं नाही. तू ये. काय सांगायचं असेल ते सांग, पण ये.

तुझीच,
मोनिका

*

फर्दापूर,
२५ सप्टेंबर

ती. दादास,
आवडाचा शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस की नुसता कागदावरचा शब्द आहे. मग भाऊ हा शब्द तुला लिहिता का आला नाही? शेजाराचं नातं असं लिहिलंस ना? पन्नास दिवाळ्या मी शेजाऱ्याला ओवाळत होते होय रे?

राग आलाय, तो लिहून टाकते, पोटात ठेवत नाही. निवड होती त्या दिवशी तू आपणहून उठून बाहेर का गेला नाहीस? पोरीचे गुण सगळ्यांत जास्त होते, तू नसतास तरी तेवढेच राहिले असते. आणि आता मला बोलावतोस ते मोनिकासाठी का तुझ्या खुर्चीसाठी? याचं उत्तर धाडू नकोस. दोन्हींसाठी असेल, आणि तसं असलं तरी मी येणारच आहे. पोरीची चिठ्ठी वाचली. रात्री पीठ मळताना त्यात डोळ्यांतलं पाणी पडलं, मीठ घालायचं राहिलं तरी कोणाला कळलं नाही.

सुनावणीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं येते. मला प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून दाखवा म्हणावं.

अजून तरी तुझी,
आवडा

*

छत्रपती संभाजीनगर,
८ ऑक्टोबर

चि. आवडास,
अनेक आशीर्वाद.

निकाल आला. तक्रार फेटाळली, मोनिकाची शिष्यवृत्ती कायम राहिली. माझ्याविरुद्ध शेरा नाही. कागदावर लिहिलं आहे, की कोणतेही नाते आढळून आले नाही.

तू त्या दिवशी जेवायलाही थांबली नाहीस. कालिंदीने वांग्याचं भरीत केलं होतं. तुला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने बोललीस ते तुला कळलं नसेल. हे तुमचे भाऊ का, असं बाईंनी लिहून दाखवलं, आणि तू म्हणालीस, की नाय, ह्यो माझा कोणी नाय. व्हरांड्यातले शिपाई वळून बघायला लागले. तेवढ्यावर भागलं असतं. पण बाईंनी पुन्हा लिहिलं, की मानलेले तरी? तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. तेव्हा तू त्यालाही नाय म्हणालीस, आणि आधीपेक्षा मोठ्याने. आवडा, एवढं मी मागितलं नव्हतं. पण मान वर करून मी तुला थांबवलंही नाही. आता खोलीत एकटा बसलो की तो आवाज येतो.

भाऊबीजेला ये. वहिनीने पाट धुऊन ठेवला आहे, वडलांची टोपीही मी पेटीतून काढली आहे. मोनिकालाही बोलावतो. ती आता घरीसुद्धा सर म्हणते, तिला तू सांग. तू आलीस की सगळं मिटेल. ये गं. मी वाट बघतो आहे.

माझ्यावरची माया काढून घेऊ नकोस.
तुझा दादा

*

फर्दापूर,
२४ ऑक्टोबर

मा. अधिष्ठाता साहेब यांस,
आवडाबाईचा नमस्कार, वि. वि.

आपलं पत्र पोचलं. पोरीची शिष्यवृत्ती राहिली, फार बरं झालं. भाऊजींनी सिल्लोडला नाही म्हणून कळवलं. आपले उपकार आहेत.

काल भाऊबीजेला आले नाही, ते रागानं नाही. राग त्या पत्रातच संपला होता. करंज्या बांधून घेतल्या, फाट्यावर येऊन उभी राहिले. गाडी आली, कंडक्टरमामा हातानं चढा म्हणत होता. माझा पाय उचलला नाही. मी विचार केला, की सगळ्यांदेखत मी नाही म्हणून आले. आता पाटावर बसवून ओवाळलं तर तिथं बोलले ते खोटं ठरतं, आणि ते खोटं ठरलं तर पोरीचं जातं. एक काहीतरी खरं ठेवायला पाहिजे. म्हणून तिथलं खरं करायचं ठरवलं. गाडी गेली तशी घरी आले. करंज्या गिऱ्हाइकांना वाढल्या.

बिनभावाच्या बाईनं काय करायचं ते आपल्याला ठाऊक आहे. दिवस मावळल्यावर ताट घेऊन अंगणात गेले. डोंगरावर आभाळ होतं. लई वेळ उभी राहिले. दिवा विझायला आला तेव्हा बीजेची कोर दिसली, नखाएवढी. तिला ओवाळलं. बरं झालं दिसली, कारण आता कान धरून कोणाला घेऊन यायला आपल्या आई नाहीत.

टोपी पुन्हा पेटीत ठेवून द्यावी, कसर लागेल. पोरीवर लक्ष असू द्यावं. लोभ मागायचं नातं राहिलं नाही, तरी असावा.

आपली कोणी नसलेली,
आवडाबाई