अठ्ठेचाळीस दिवसांचा खर्च

तिरुवल्लिकेणी, मद्रास
४ जून १९५८

ती. सौ. अक्कास, उमाकांतचा सा. न. वि. वि.

आमचं बाळ जाऊन तीन महिने झाले, तरी तुळसी एक शब्द बोलत नाही. भरवलं तर खाते, नाहीतर भिंतीकडे बघत बसते. मला फार भीती वाटते, अक्का.

तू म्हणतेस, तिला कावेरीकाठच्या देवळात मंडलभर, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, ठेवू. मी रेल्वेतला कारकून माणूस, कागद घेऊन बसलो. खोली, तेल, अर्चकांची दक्षिणा, तुम्हा दोघींचं जेवण, आगगाडी मिळून एकशे चाळीस रुपये. इथल्या सरकारी इस्पितळात खाट फुकट. बस नि फळं धरून तीस. मी तिचं नाव घालून आलो. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा
उमाकांत

तंजावर
९ जून १९५८

चि. उमाकांतास अनेक आशीर्वाद.

शहाण्या, रेल्वेने तुला हिशेबाला बसवलं तरी कसं? देवळात मी रात्रंदिवस तिच्याजवळ असणार होते. इस्पितळात कोण? मला वगळलंस, म्हणून ते स्वस्त दिसलं.

औषध डॉक्टर देऊ देत, माझी ना नाही. पण मी मंडलाचा नवस बोलले आहे, तो तिथेच तिच्याशेजारी बसून फेडीन. दिवसा बसू देतात का, विचारून ठेव. तुझ्या भावोजींना रसम करता येतं, उपाशी मरायचे नाहीत. शनिवारच्या गाडीने निघते. कॉफी चांगली आणून ठेव, म्हणजे लोभ वाढेल.

तुझी
अक्का

तिरुवल्लिकेणी, मद्रास
२० ऑगस्ट १९५८

ती. सौ. अक्कांस, तुळसीचा सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून माझी वेणी धड होत नाही. शेजारच्या कामाक्षीमामी म्हणतात नवस फळला, डॉक्टर म्हणतात औषध लागू पडलं. हे रोज विचारतात, कशाने बरं वाटलं. यांना वहीत लिहायचं आहे. मला कुठे सांगता येतंय?

एवढं आठवतं, वेणी घालताना तुम्ही दिवस मोजायचात. आज बारा, आज तेरा. दुसरं काही कळत नसे, आकडा तेवढा कळे. एकोणचाळिसाव्या दिवशी तुम्ही पुन्हा अडतीसच म्हणालात. मला राहवलं नाही, चूक सांगितली. तुम्ही फणी टाकून रडायलाच लागलात.

बाळाची आठवण रोज येते. पण आता मलाही रडू येतं, आणि रडून झालं की भूक लागते.

हे म्हणतात, अक्का मोजण्यात जन्मात चुकलेली नाही. खरं सांगा, मुद्दाम चुकलात ना? नाही सांगितलंत तरी चालेल. लोभ आहे तसा राहू द्या, आणि दिवाळीला याल तेव्हा तीच फणी घेऊन या.

तुमची
तुळसी