रिकाम्या चौकातला लाल दिवा

४ मार्च

हॉस्पिटलच्या वळणावर सिग्नल तोडणाऱ्यांचे फोटो काढतो त्या कॅमेऱ्यावर आज डांबर ओतलं! गॅलरीतून सगळं दिसलं. खाली ही गर्दी. बाळ्या दोघांच्या खांद्यांवर चढलेला, हातात डबा. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, आणि माझा धाकटा भाऊ खांबावर चढतोय! खालचा एक ओरडत होता, "अरे ओत लवकर, माझं कंबरडं मोडतंय!" निम्मं डांबर कॅमेऱ्यावर, निम्मं त्या ओरडणाऱ्याच्या डोक्यावर. सगळे हसले. मीही.

मग कोणीतरी वाहतूक पोलिसाची शिट्टी हिसकावली आणि मुठीसकट त्याच्याच तोंडात कोंबली. तो तोंड धरून खाली बसला. बोटांतून रक्त गळत होतं. तेव्हाही लोक हसत होते. मी कधी थांबले ते आठवत नाही.

५ मार्च

बाळ्या सकाळीच आला. बाथरूममध्ये रॉकेलनं हात घासत बसला. "ताई, या रस्त्यावर एक कॅमेरा शिल्लक ठेवत नाही बघ." चहा घेतला तो ह्यांच्या खुर्चीकडे पाठ करून. जानेवारीपासून असाच बसतो.

लिहूनच टाकते एकदा. ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा बाळ्याची गाडी खालीच उभी होती — शाळेची पोरं नेतो ती. मागच्या सीटवर ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. वळणावर लाल दिवा लागला. चौक रिकामा. गाडी नाही, माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. आणि बाळ्या थांबला! मी म्हटलं, "चल ना रे." तो म्हणाला, "ताई, अजून एक फोटो आला की लायसन्स गेलं माझं. झालाच बघ हिरवा."

झाला हिरवा. तोवर हे गेले होते. हॉस्पिटलचं दार समोर दिसत होतं.

डॉक्टर म्हणाले, आधी पोचला असतात तरी वाचले असते असं सांगता येत नाही. असेल. बाळ्याचा काय दोष? त्या गाडीवर चार जणांचं पोट आहे. दोष कॅमेऱ्याचा. बाळ्याचा मुळीच नाही.

८ मार्च

कॅमेरा कंपनीची गाडी जाळली. आतला ड्रायव्हर खिडकीतून बाहेर पडला तो शर्ट पेटलेला! समोरच्या टेलरबाईंनी त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि मग तीच बादली त्याच्या पाठीत घातली. वर मला म्हणतात, "माणूस म्हणून विझवला, कंपनीचा म्हणून मारला."

संध्याकाळी शाळा आठवली. कॉन्व्हेंटच्या फाटकाबाहेर हे सायकल धरून उभे असायचे, आणि सिस्टर छत्री उगारून धावत यायच्या. एकदा दांडा खरंच बसला ह्यांच्या खांद्यावर. लग्नानंतर कित्येक वर्षं तो दुखल्याचं नाटक चालायचं — "तुझ्यापायी मार खाल्लाय, चेप आता." कसला तो मार! फुलासारखा.

१० मार्च

उशीलाही टायर जळल्याचा वास येतोय.

१२ मार्च

अक्षर नीट येत नाही.

कॅमेऱ्याची काच साफ करायला कंपनीनं एक माणूस पाठवला होता. एकटाच. शिडी, बादली, फडकं. वर चढून डांबर खरवडत होता. लोक जमले. मीही खाली गेले. दूध आणायचं आहे असं मनाला सांगितलं.

टॅक्सीवाल्यांचा पुढारी ओरडला, "ओढा शिडी!" दोघांनी ओढलीही. तो वर लटकला. बाळ्या मधे घुसला आणि शिडी परत खांबाला लावून घट्ट धरून उभा राहिला. "अरे मरेल ना तो! ए बाबा, तू आधी खाली ये. ये, मी धरलीय." तो उतरू लागला. जवळजवळ पोचलाच होता.

फुटपाथ उखडलेला. दगड माझ्या पायाशीच. उचलला आणि फेकला. कॅमेऱ्यावर. हात घसरला. दगड त्या माणसाच्या डोळ्यावर बसला. आवाज असा झाला — नको. तो बाळ्याच्या अंगावरच कोसळला. बाळ्यानं मान वर केली ती थेट माझ्याकडे. आणखी कोणी पाहिलं नाही. पिकल्या केसांच्या बाईकडे बघतं कोण!

घरी आले तर हातात दुधाची पिशवी. म्हणजे दूध घेतलं मी! त्यानंतर. पैसे दिले असतील, सुटे मोजून घेतले असतील.

१३ मार्च

बाळ्याला पकडून नेलं. तोच पुढे होऊन म्हणाला, "मी मारला. हातात दगड धरून." दगड त्याच्या पायाशी, शर्ट रक्तानं माखलेला. पोलिसांना आणखी काय हवं?

हॉस्पिटलमध्ये गेले. त्या दारातून जानेवारीनंतर पहिल्यांदाच. त्या माणसाचा डोळा गेला. त्याची बायको बाकावर बसली होती. मीही कोणा पेशंटचीच असेन असं वाटलं तिला. म्हणाली, "मावशी, तो नुसती काच पुसतो हो. त्याला गाडीसुद्धा चालवता येत नाही." मी तिचा हात हातात घेतला. घेऊ शकले!

१४ मार्च

आई गेली तेव्हा बाळ्या एवढासा. मीच त्याला शाळेत सोडायची. रस्त्याला फार भ्यायचा. कडेला उभा राहून माझं बोट पिळायचा, आणि मी "चल" म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. रस्ता मोकळा असला तरी. मी "चल" म्हटलं की मात्र डोळे मिटून धावायचा.

त्या दिवशी गाडीत मी "चल" म्हटलं होतं.

१५ मार्च

पोलिस स्टेशनात जाऊन सांगितलं — दगड मी फेकला. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. "बाई, भावासाठी जीव तुटतो, कळतं मला. पण तुमच्या हातून आजवर माशी तरी मेलीय का?" दारातला शिपाई फिसकन हसला. मी म्हटलं, बाळ्यालाच विचारा, त्यानं पाहिलंय.

आणलं त्याला. ओठ फाटलेला, एक कान सुजून वांग्यासारखा जांभळा. माझ्याकडे बघेना. "साहेब, भावोजी गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. तिला घरी पोचवा."

पोचवलं! जीपमधून, दार उघडून, हात धरून. जिना चढेपर्यंत शिपाई खाली उभा होता.

१७ मार्च

भिंतीभिंतीवर बाळ्याचे फोटो. खाली लिहिलंय, 'आमचा वाघ'. टेलरबाई म्हणाल्या, "भावानं नाव काढलं हो तुमचं!" वाघ! झुरळ दिसलं तरी पलंगावर चढायचा तो.

दुपारी पुढाऱ्याची माणसं हॉस्पिटलात घुसली आणि डोळा गेलेल्या त्या माणसाचा पलंग उलटा केला. "कंपनीच्या कुत्र्या, दुसराही फोडू!" त्याच्या बायकोनं सलाईनचा स्टँड उचलून फिरवला. एकाचं कपाळ फुटलं, दुसऱ्याचा जबडा. बरं केलं! हे मी लिहितेय? हो, मीच. बरं केलं तिनं.

इकडे चौकात नवीन कॅमेरा लागलाय. भोवती बंदूकवाले.

२० मार्च

आज बाळ्याला भेटू दिलं. मधे जाळी. वकील म्हणतात, आत बरीच वर्षं जातील. बाळ्या म्हणाला, "गाडी विकून टाक ताई. क्लच घट्ट आहे, घेणाऱ्याला सांग आधीच." मी रडले, भांडले. खरं बोल म्हणून जाळीवर हात आपटले.

"गप्प गं. एवढं तरी करू दे मला," म्हणाला. "त्या दिवशी सिग्नल तोडायला हवा होता. मला सारखं वाटतं मी अजून तिथेच थांबलोय." मग — "ताई, तुझा राग नाही ना माझ्यावर?"

"वेडा आहेस का रे?" मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा सैल झाला! लहानपणी ताप उतरला की व्हायचा तसा. जाळीतून एक बोट बाहेर काढलं, ते मी धरलं. फाटक्या ओठानं हसला. "पण नेम तुझा पहिल्यापासून वाईटच हं ताई. एवढा मोठा कॅमेरा, त्यालाही लागला नाही!"

२१ मार्च

हात घसरला नव्हता. कॅमेरा वर होता, मी वर बघतच नव्हते. शिडी धरून उभ्या असलेल्या बाळ्याच्या डोक्यावर नेम धरला होता मी. तो माणूस उतरताना मधे आला.