बेसिनमधली दाढी

अगं, बेसिन बघून दचकू नकोस, ती माझी दाढी आहे. कारखान्यात क्लोरीनची टाकी गळतेय आणि आत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायला आमच्या पथकात माणूस कमी पडतोय. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, म्हणून दाढीवाल्याला आत सोडत नाहीत. घाईत तुझ्याच रेझरने उडवली. वारा आपल्या दिशेने नाही, तरी खिडक्या लावून घे आणि आईला गच्चीवर जाऊ देऊ नकोस.

दाढीत मी रुबाबदार दिसतो, असं तू महिनाभर का म्हणत होतीस, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण कौतुक कुणाला नको असतं, म्हणून वाढवली.

चहाला घरी येतो. उद्यापासून परत वाढवतो, तू परत कौतुक सुरू कर.

तुझा गुळगुळीत नवरा