स्ट्रेंग्थची तयारी

३ मे १९७१, मिरजगाव
रोजनिशी सुरू. सोळाला भिंगारला मुलगी बघायला जायचंय. मनकर्णा. वडील मिलिटरीच्या ऑफिसात क्लार्क, मुलगी इंग्लिश मीडियमची मॅट्रिक. मामा म्हणाले, आधी बघायला आलेला मास्तर 'इस्कूल' म्हणाला म्हणून तिने नापसंत केला. योग्यच. आमच्या लोकांना शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर झेपत नाही. एक तर आधी इ चिकटवतील, नाहीतर स खाऊन 'टेसन' म्हणतील. मी बी.ए. आहे. माझ्यात हा दोष नाही.

४ मे
थोडा आहे. बहीण चांगुणा बाळंतपणानंतर माहेरीच आहे. म्हणते, दादा बी 'इस्टो'च म्हंतो.

५ मे
उपाय सापडला! आधी नुसता स ओढायचा, चांगला लांब, मग पुढचं जोडायचं. इ शिरायला जागाच उरत नाही. सरावाला शब्द घेतला स्ट्रेंग्थ. मधे एकटा ए, दोन्ही अंगांनी व्यंजनांची गर्दी. रोज पहाटे फिरणं आणि हा शब्द.

८ मे
फिरणं उद्यापासून. सराव केला. भाचा गहिनी मांडीवर होता, मुतला. चांगुणाला म्हटलं, पोराला थंडी बाधलीय, ओवा दे. म्हणाली, मे महिन्यात कसली थंडी.

११ मे
स्स्स्स्ट्रेंग्थ. साफ! गहिनी पुन्हा मुतला. दोन लेंगे दोरीवर. चांगुणा हसते, कारण सांगत नाही. घरच्यांना प्रगती बघवत नाही.

१५ मे
टेरिकॉटची पँट शिवून आली, मोतिया. चहा घेताना सहज म्हणायचं, चहात स्ट्रेंग्थ आहे. लग्नानंतर नगरला बदली मागणार.

१६ मे
मनकर्णा फोटोपेक्षा छान. 'स्क्रू', 'स्प्रिंग' अगदी सहज म्हणते. तिच्या भावाचं लेकरू आपणहून माझ्या मांडीवर आलं. शुभशकुन. चहा आला. एक घोट घेतला. मी स धरला, नेहमीपेक्षा लांब.
मोतिया रंगावर काही लपत नाही. तिची आजी म्हणाली, लेकराला मांडीवर घिऊन सू सू केल्यावर ते दुसरं काय करनार. मनकर्णा पदर तोंडाला लावून आत पळाली. शब्द मी पूर्ण केला. उच्चार बिनचूक होता. कोणाचं लक्ष नव्हतं.

१९ मे
मामांकडून निरोप. नकार. मुलगी म्हणते, माणूस चांगला आहे, पण बघितलं की हसू येतं. मला ती फार आवडली होती. अर्थात मीच नाही म्हणणार होतो.

२३ मे
सकाळी चांगुणा गहिनीला पायांवर घेऊन अंगणात बसली होती. पोरगं काही केल्या करेना. म्हणाली, दादा, तेवढं तुजं विंग्रजी म्हन की.
म्हटलं. झालं त्याचं.